पट्टीत आलेलं नाव

कुणी हसलं तरी हसू द्या. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

२००१ चा मे. अंबाजोगाई. भर दुपारचे दोन.

रुबीनाचं दोन कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं. तिथून ती रक्तदात्यांची वेबसाइट चालवायची. नाव, रक्तगट, फोन. दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक थेट तिच्याकडे धावत यायचे.

पानाच्या माथ्यावर जाहिरातीची पट्टी होती. तिचा कोड रुबीनाकडे नव्हता. पान उघडलं की तो दर वेळी पुण्याच्या एका कंपनीकडून यायचा.

त्या दुपारी कूलरची जाहिरात गेली...

पट्टी काळी झाली.

पांढऱ्या अक्षरांत एकच नाव. बंकट.

रक्तदात्यांच्या यादीतला जीपवाला. संध्याकाळी धारूरच्या घाटात त्याची जीप उलटली. जागीच गेला.

आठ दिवसांनी पट्टीत आलं... ताराबाई. त्याही यादीतल्याच. शिकवणीवाल्या, चांगल्या धडधाकट. दिवस मावळायच्या आत गेल्या.

रुबीनानं कंपनीला फोन लावला.

"आमच्याकडून फक्त कूलरच जातो, मॅडम. भरवसा नसेल तर कोड उतरवून तुमच्याच साइटवर ठेवा. मग आमचे पुढचे बदल मिळणार नाहीत."

"नकोत मला तुमचे बदल."

तिनं कोड उतरवून आपल्या साइटवर ठेवला. चाळीस ओळी. एकेक वाचली. नाव कुठंच नव्हतं.

मोठा भाऊ मतीन गॅरेजातून आला. "बंद कर हे. लोक लई भ्यालेत. यादीतून नावं काढून घ्यायलेत."

"न्हाई करणार, भाई. कालच एका बाळंतिणीला या यादीतून रक्त मिळालं. कावून बंद करू?"

पंधरा दिवस कूलर जागचा हलला नाही.

सोळाव्या दुपारी तिनं मोडेमची वायर काढली. बाहेरून काहीच येऊ नये म्हणून. मग आपल्याच कॉम्प्युटरवरचं पान उघडलं.

मोडेम किरकिरू लागला...

वायर तिच्या हातातच होती.

पट्टी काळी झाली.

रुबीना.

मागं उभ्या मतीननं धावत जाऊन मेन स्विच पाडला. "घरी चल. आज कुठंच जायचं न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलला. बाईचा आवाज. "बी निगेटिव्ह पाहिजे. पेशंट टेबलावर हाय. लवकर या."

यादीत बी निगेटिव्ह एकच होतं. तिचं.

"जाऊ नको गं!" मतीन दारात आडवा झाला.

"सरक, भाई." तिनं ओढणी घेतली. काळ्या स्क्रीनकडे वळून म्हणाली, "मी दवाखान्यात चालले. यायचं तर तिथं ये."

तिनं रक्त दिलं. पेशंट, धुळाजी नावाचा शेतमजूर, वाचला. तीही धडधाकट परतली. आल्याबरोबर तिनं पट्टी मुळासकट पुसली. साइट मात्र चालूच ठेवली.

पण निघताना सिस्टरनं विचारलं होतं, "तुमाला सांगितलं कुणी? आमी तुमचा नंबरच शोधायलो होतो. अजून कुणी फोन केलाच न्हाई."

आता फोन वाजला की रुबीना दुसऱ्या घंटीपर्यंत थांबते.

तरी उचलते.