उजवी ग्रिप

मोटारसायकलच्या हँडलची रबरी ग्रिप बदलणं हे गॅरेजमधलं सगळ्यात हलकं काम समजतात, म्हणून ते तिच्या वाट्याला आलं होतं. जुनी ग्रिप ब्लेडने लांबीत चिरायची आणि सोलून काढायची. आतला पाइप पेट्रोलच्या बोळ्याने पुसून कोरडा करायचा, रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा पातळ हात फिरवायचा आणि ते ओढायला लागायच्या आत नवी ग्रिप एका दमात सरकवायची. मध्ये दम घ्यायला थांबलात की ती जागच्या जागी चिकटून बसते, मग ना पुढे ना मागे. आणि ती बसली की रात्रभर गाडीला हात लावायचा नाही.

हे शेवटचं कुणाला म्हणजे कुणाला पटत नसे. बाहेरून ग्रिप घट्ट लागते ना, झालं तर मग. पण आत सोल्यूशन ओलं असतं, आणि उजवी ग्रिप म्हणजे काही नुसतं धरायचं रबर नव्हे. तीच पिळून गाडीला रेस द्यायची. धावत्या गाडीत ती हातात निघून आली, तर गाडी एकीकडे आणि माणूस एकीकडे.

तिचा नवरा तसाच गेला होता. त्याच्याच गाडीला तिने नव्या ग्रिपा घातल्या होत्या. तो आला, चावी फिरवली.

"आज राहू द्या," ती म्हणाली. "अजून ओलं आहे."

"हात चालव, तोंड नको," तो म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे एक ठेवून दिली. मग उतारावरून खाली गेला. गोदामाच्या भिंतीपाशी, वळणावर, उजवी ग्रिप निघाली. त्याला उचललं तेव्हा ती त्याच्या मुठीत होती, आणि मूठ उघडायला दोन माणसं लागली.

त्या हाताची तर्जनी एका पेराने आखूड होती. गाडीची चेन साफ करताना दात्यांत सापडून टोक गेलं होतं. त्यामुळे त्याने मारलं की तिच्या गालावर तीन बोटं लांब उठत आणि एक आखूड. ती आरशासमोर उभी राहून त्यावर पावडर फिरवायची आणि मुलीला उचलून घेताना न विसरता दुसरा गाल पुढे करायची. चिमणी तेव्हा बोलायलाही लागली नव्हती. तिला तो हात कधी लागला नव्हता. लागायच्या आत तो गेला, एवढं एकच तिने मनाशी धरून ठेवलं होतं. रडणं वगैरे लोकांसाठी होतं.

मग दीर आला. तो बरीच वर्षं दुसऱ्या गावी कारखान्यात होता. भाऊ गेल्यावर काम सोडून गॅरेज सांभाळायला आला. थोरल्याच्या अगदी उलट माणूस. शीळ घालत काम करायचा, गिऱ्हाइकांची टर उडवायचा, चिमणीला टाकीवर बसवून "भुर्र" करत अंगणात गाडी ढकलायचा. तो हातात पाना घेऊन वळला की ती अजून दचकायची. तो बघायचा, आणि पाना खाली ठेवायचा.

भावाची चेमटलेली गाडी, दोन वर्षं कोपऱ्यात पडलेली, त्यानेच उभी केली. हँडल नवं बसवलं, दिवा नवा बसवला. ज्यावर उजवी ग्रिप बसते तो रेसचा पाइप तेवढा जुनाच राहिला, कारण त्याला ओरखडाही नव्हता. ग्रिपा तिने घातल्या.

"वहिनी, उजवी हलतेय," चार-सहा दिवसांनी तो म्हणाला. "हाताची जादू गेली वाटतं तुमच्या."

"तुम्हीच सुकू दिली नसेल, भाऊजी."

"रात्रभर अंगणात होती. विचारा तुमच्या मुकादमाला."

मुकादम म्हणजे चिमणी. ती पायरीवर बसून रिकाम्या डब्यात नट-बोल्ट भरत होती. तिने गंभीरपणे मान हलवली.

आईने ग्रिप चिरली. आत सोल्यूशन ओलं होतं, मघाशी लावल्यासारखं. बोटाला लागून त्याची तार निघाली. माल जुना असेल म्हणून तिने ट्यूब फेकली, नवी फोडली, पाइप चकचकीत होईस्तोवर घासला. ग्रिप बसवली आणि पूर्ण दोन रात्री गाडी हलू दिली नाही.

ती पुन्हा सैल झाली. या वेळी चिरून काढताना तिचं लक्ष रबराकडे गेलं. नव्या ग्रिपेवर बारीक रेघा असतात; वर्षानुवर्षं हात फिरून त्या झिजतात. या आठवड्याभरात झिजल्या होत्या. तीन बोटांचे लांब पट्टे गुळगुळीत झाले होते. चौथा, तर्जनीचा, अर्ध्यावर संपत होता. पुढे रेघा करकरीत नव्या.

"भाऊजी, हात दाखवा जरा."

"का, भविष्य बघायला लागलात?" त्याने ग्रीसचा हात पुसून पुढे केला. लांबसडक, धडधाकट चारी बोटं.

तिने ती ग्रिप कचऱ्यात टाकली. चिमणीने ती कधीतरी उचलली असावी. जेवताना तिच्या मांडीवर होती.

"टाक ते, घाण आहे."

"ओलं आहे," चिमणी म्हणाली.

त्याच आठवड्यात दिराने पेट्रोल पंपावर एका माणसाला मारलं. कुणीतरी रांगेत पुढे घुसला होता, एवढंच. याने हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणत राहिला, तो खाली पडल्यावरही. घरी आला तेव्हा बाहीवर रक्त होतं आणि हेल्मेटच्या काचेत दाताचा तुकडा अडकला होता. तो नळाखाली हात धरून बराच वेळ उभा होता.

"गाडीवरून उतरलो कधी तेच आठवत नाही, वहिनी."

"पुरुषाला राग यायचाच," सासूबाई आतून म्हणाल्या. "थोरल्यासारखा दिसायला लागलाय हल्ली." त्यांना त्यात बरं वाटत होतं.

मग गिऱ्हाइकाचं झालं. दीर भावाच्या गाडीवरून एक फेरी मारून आला होता. गिऱ्हाईक म्हणालं, काल घट्ट केलेला ब्रेक परत ढिला झाला. दिराने हातातला पाना त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज तिने आत स्वयंपाकघरात ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा, छोटासा. त्या दिवसापासून शीळ बंद झाली. चिमणी टाकीवर बसायला जाईना. तो हाका मारायचा, ती डबा घेऊन आईच्या मागे उभी राहायची.

ती गाडी या माणसालाही घेऊन चालली होती, आणि त्याच्या मागे घरात तिचं पिल्लू होतं. मनात एवढं स्पष्ट झालं तेव्हा तिने एका दुपारी, तो बाहेर असताना, ग्रिप चिरून काढली. आता दुसरी बसवायची नाही. गाडी भंगारात घालायची आणि त्याच्याशी बसून बोलायचं. तो ऐकणारा माणूस होता.

तो लवकर आला. दारातूनच त्याने उघडा पाइप बघितला.

"ग्रिप कुठाय?"

दुसरं काहीतरी म्हणायचं तिने ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आज राहू द्या. अजून ओलं आहे."

"हात चालव, तोंड नको."

तिचं लग्न झाल्यापासून भाऊ जाईपर्यंत तो या घरात राहिला नव्हता. हे वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं. तिला 'तू' तर तो कधीच म्हणाला नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली.

त्याने मारलं. ती टायरांच्या चळतीवर पडली. ओठ फुटला. केस धरून त्याने तिला उभं केलं आणि पुन्हा मारलं, त्याच गालावर. मग पायरीवर डबा पडला, नट-बोल्ट खळखळत गेले, आणि तो थांबला.

गिऱ्हाइकांसाठी लावलेला आरसा समोरच होता. दोघांनी एकदमच बघितलं.

तीन लांब. एक आखूड.

त्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला. बोटं उघडली, मिटली, परत उघडली. चारही धडधाकट होती.

"वहिनी, मी नाही हो," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

उजवा हात काखेत दाबून तो गेला. संध्याकाळच्या एसटीने कारखान्याच्या गावी परतला, सासूबाईंना घेऊन. तिने थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणीला शेजाऱ्यांकडे ठेवून तिने शटर आतून ओढलं.

रेसचा पाइप तिने हँडलवरून उतरवला. तो पुसला. परत ओला झाला. परत पुसला.

करवतीखाली तो निसटत होता. म्हणून तिने तो उघड्या हाताने आवळून धरला.

तो उन्हात ठेवल्यासारखा कोमट होता. आणि तिने धरला त्याहून जरा घट्ट, त्यानेही धरलं.

तिने डाव्या हातात हातोडा घेतला. मारत राहिली. ठोका चुकून स्वतःच्या बोटांवर बसला तरी मारत राहिली. पाइप चेपला, फाटला, सपाट झाला, तेव्हा कुठे उजवी मूठ सुटली.

भंगारवाला गाडीसकट सगळं घेऊन गेला. तिने हात पेट्रोलने धुतले, मग साबणाने, मग परत पेट्रोलने.

त्यानंतर घर शांत झालं. बोटांची सूज उतरली. ती एकटी गॅरेज चालवू लागली. ग्रिपा घालायची, त्या रात्रीत सुकायच्या, गिऱ्हाइकं खूश होऊन जायची. चिमणी पुन्हा पायरीवर बसायला लागली. एकदा दुपारी चेंडूमागे सुसाट रस्त्यावर धावली. समोरून टेम्पो येत होता. आईने झेप घेऊन उजव्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला मागे खेचलं. टेम्पो गेला. दोघी पायरीवर बसून राहिल्या, आई तिला कवटाळून, लेक चेंडूसाठी मुसमुसत.

संध्याकाळी तिने चिमणीला आंघोळीला बसवलं. साबण लेकीच्या हातात दिला. साबण बाजूला राहिला आणि चिमणीची बडबड सुरू झाली, टेम्पो किती मोठा होता, त्याला डोळे होते, तो चेंडू खातो का. आई हसली. तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"हात चालव, तोंड नको," ती लाडाने म्हणाली.

चिमणी गप्प झाली. साबण घेऊन, खाली मान घालून, पाय चोळायला लागली.

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. लेकीचा दंड हळूच उजेडाकडे वळवला. दुपारी धरलं होतं तिथे बोटं उठली होती. खालची तीन लांब. वरची एक आखूड.

तिने आपली तर्जनी त्या आखूड वळावर ठेवून पाहिली. ती एका पेराने पुढे जात होती.