पायी आलेलं वजन

जागृती घरत स्कूटरसकट वजनकाट्यावर चढली, तेव्हा केबिनच्या टपावरच्या मोठ्या लाल आकड्यांनी एकशे सत्तर दाखवलं. गोदामात शिरायला आणि बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. चाळीस टनांचा कंटेनर असो नाहीतर पाववाल्याची सायकल, जायचं काट्याच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवरूनच.

खिडकीतून दिपेश कडूने डोकं बाहेर काढलं. वीस वर्षं ट्रेलर चालवून कंबर धरली म्हणून त्याला महिन्यापूर्वीच काट्यावर बसवलं होतं.

"स्कूटर एकशे दहा, म्हणजे तुम्ही साठ," तो म्हणाला. "बरोबर ना, ताई?"

"काटा चालतोय की मग."

"काटा फर्स्टक्लास हाय. कॉम्प्युटर रुसलाय."

जागृती खूश झाली. रुसलेला कॉम्प्युटर हा तिच्या आवडीचा विषय. उरणच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान टाकून तिला अकरा महिने झाले होते आणि या अकरा महिन्यांत लोकांनी तिच्याकडून झेरॉक्स काढून घेतल्या, मोबाइलला काचा लावून घेतल्या, पण कॉम्प्युटर बिघडला की तो पोत्यात गुंडाळून थेट पनवेलला नेला. मुलगी काय दुरुस्त करणार, असं तोंडावर कोणी बोलत नसे, एवढाच काय तो सभ्यपणा. वडिलांनी वर्षाची मुदत दिली होती. वर्षात दुकान उभं राहिलं नाही तर शटर खाली, आणि बंदरातल्या कुठल्याशा ऑफिसात नोकरी. म्हणजे हातात उरला होता एक महिना.

गोदामाच्या मॅनेजर रचना म्हात्रे केबिनच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"सतरा गाड्या उभ्या आहेत. काट्याची छापील पावती नसेल तर शेव्याच्या बंदरात कोणी आत घेत नाही, आणि चारला त्यांचं गेट बंद होतं. दोन वाजता पनवेलचा माणूस येतोय. त्याच्याआधी चालू केलंस, तर इथले अकराच्या अकरा कॉम्प्युटर यापुढे तुझ्याकडे."

अकरा कॉम्प्युटर. म्हणजे दुकान वाचलं. जागृतीने घड्याळ बघितलं. साडेअकरा.

दुखणं साधं दिसत होतं. जुना कॉम्प्युटर काल मेला आणि आज सकाळी नवा आला. काट्याचा प्रोग्राम जुन्यावरून उचलून नव्यावर ठेवला, पण दोनदा क्लिक केलं की छोटं निळं चक्र गरगरायचं, थांबायचं, आणि पुढे काही नाही. प्रोग्राम लिहिणारा कोणी हौशी माणूस होता. सगळा मराठीत केला होता त्याने, पण आता त्याचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

"न चालणारा प्रोग्राम कधीच मुका नसतो," जागृती दिपेशला म्हणाली. "कुठेतरी कुरकुरतोच. ती कुरकुर ऐकायची."

पहिली कुरकुर अँटिव्हायरसची निघाली. त्याने प्रोग्रामची मुख्य फाइलच संशयित म्हणून कोंडून ठेवली होती. तिने ती सोडवली. मग प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क दिले. मग त्याला भासवलं की तो अजून जुन्या विंडोजवरच आहे. या वेळी पडद्यावर एक चौकट आली, अमुक फाइल सापडत नाही म्हणून. जागृतीने मांडीवर थाप मारली. पाऊण तासात तो पहिल्यांदा बोलला होता. हरवलेली फाइल तिच्या पेनड्राइव्हमध्ये होती. ती घातली, तर नवी तक्रार. काट्याची वायर जिथे हवी तिथे सापडत नाही. प्रोग्राम फक्त एक नंबरचं पोर्ट ओळखत होता आणि नव्या कॉम्प्युटरने वायरला सात नंबर दिला होता. तिने साताचा एक केला. प्रत्येक पायरीला तिचा जीव आणखी हरखत होता. बाहेर ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवत होते, खाडीकडून खारा वारा येत होता, आणि तिला यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

वायर नीट बसवण्यासाठी तिने काट्याचा आकडे दाखवणारा डबा बंद करून पुन्हा चालू केला. डब्यावर आणि टपावर एकदमच आकडा उमटला. पन्नास.

प्लॅटफॉर्म रिकामा होता.

"रोजचंच हाय ते," दिपेश म्हणाला. "सकाळी चालू केला की पन्नास दाखवतो. शून्याचं बटण दाबायचं, संपलं. बारा वर्षं असंच हाय म्हणे."

"खाली चिखल साचला असेल. जरा बघा ना."

दिपेश कुरकुरत गेला, प्लॅटफॉर्मवर पालथा पडून फटीत सळई फिरवून आला. चिखल नव्हता, कोरडी खडखडीत जमीन होती. दरम्यान जागृतीने घाईत शून्य दाबून टाकलं होतं. तो उतरला आणि आकडा झाला वजा नव्वद. तिला हसू आलं.

"तुम्ही वर असताना मी शून्य केलं. आता काटा म्हणतोय की नव्वद किलोचं कोणीतरी उतरून गेलं."

"नव्वद न्हाय, ब्याऐंशी हाय मी," दिपेश म्हणाला. काटा दहा-दहाच्या टप्प्यातच मोजतो, पण हे त्याला समजावत बसायला वेळ नव्हता. नव्वदमधली थोडी लबाडी दिपेशची, एवढं मनाशी म्हणून तिने पुन्हा शून्य केलं आणि प्रोग्रामवर क्लिक केलं.

प्रोग्राम उघडला. हिरवा पडदा, वर गोदामाचं नाव. रचना मॅडम पुढे वाकल्या. आणि तेवढ्यात तो आपणहून बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल होती. प्रोग्रामची रोजनिशीच ती. जागृतीने ती उघडली आणि तिचे डोळे चमकले. शेवटच्या ओळी आजच्या होत्या. "एक वजन अपुरे. काट्यावर कोणी नाही. बंद." त्याच्या वर बारा वर्षांच्या सकाळी एकीखाली एक लागल्या होत्या, रविवार सोडून. सकाळी आठ. एक वजन अपुरे. काट्यावर साठ किलो. दुसरे वजन घ्यायचे? एस्केप. सकाळी आठ. काट्यावर साठ किलो. एस्केप.

"हे रोज कोण उभं राहायचं?"

दिपेशने कपाळाला हात लावला. "दयारामकाका. आधीचे काटेवाले. रिटायर झाले तरी कालपर्यंत यायचे, आज कॉम्प्युटर बंद म्हणून आले न्हाईत. रोज पहिली गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे आणि पहिल्या ड्रायव्हरला सांगायचे, आत जाऊन एस्केप दाब. मीपण दाबलाय. आम्हाला वाटायचं, म्हातारा वजन सांभाळतोय."

दयाराम पाटील पाठीमागच्या गावातच राहात होते. गोदाम ज्या मिठागराच्या जागी उभं राहिलं, ते मिठागर त्यांच्या घराण्याचं. फोन केल्यावर दहा मिनिटांत ते चालत आले. जागृतीने एक गोष्ट पाहिली. प्लॅटफॉर्म गुळगुळीत, रुंद, समोर होता, तरी म्हातारा त्यावरून आला नाही. कडेच्या हातभर कठड्यावरून, भिंतीला हात लावत, तोल सांभाळत आला.

"काका, हे अपुरं वजन कोणाचं?"

दयाराम बाकावर टेकले. इथे प्रत्येक गाडीचं दोनदा वजन होतं, येताना एकदा आणि जाताना एकदा, हे त्यांनी तिला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"बारा वर्सांमागं एका सकाली काट्यावर कोन नव्हता," ते म्हणाले. "तरी पन्नास दाखवला. मना वाटला गारी आली. सवयीनं पयला वजन घेतला. मंग कॉम्प्युटरनं गारीचा नंबर इचारला. मी बाहेर बगितला, कोन न्हाय. मस्करीत टाकला, पायी."

"आणि दुसरं वजन?"

"घेतलाच न्हाय. दुसरा वजन घेतला म्हंजे तो बाहेर गेला. आनि बाहेर जानार तो कोनासंगं तरी जानार." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आत हाय तवर बरा हाय, पोरी. तू काट्यावर उभी रहा, एस्केप दाबून घे, चालू होल. उंद्या सकाली परत."

रचना मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. जागृतीला त्या क्षणी म्हाताऱ्याची भीती दिसलीच नाही. तिला दिसला तो उद्या सकाळी आठचा फोन, परवाचा, तेरवाचा. रोज कोणाला तरी काट्यावर उभं करायचं, ही काय दुरुस्ती झाली? पनवेलचा माणूस येईल, दोन मिनिटांत ते जुनं वजन मिटवेल आणि जाताना म्हणेल, पोरीने नुसतं ठिगळ लावलं होतं. बारा वर्षांची एक चुकीची नोंद, एवढीच तर गोष्ट. तिला ते पक्कं करायचं होतं, आणि आत्ता करायचं होतं. तिचे कान गरम झाले होते.

"दिपेशदादा, तुम्ही इथे बसा. मी उभी राहते."

ती प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दुपारच्या उन्हाने लोखंड तापलं होतं, चपलेतून चटका लागत होता. टपावर साठ आलं. आत प्रोग्राम उघडला असणार, कारण दिपेशचा आवाज आला.

"विचारतोय, दुसरे वजन घ्यायचे? काय दाबू?"

"एस्केप," दयाराम म्हणाले.

"एंटर," जागृती म्हणाली.

सतरा गाड्यांपैकी एकही हॉर्न वाजवत नव्हती.

तिचा डावा खांदा गार पडला. भर उन्हात, फक्त तेवढाच, तिथे कोणाची सावली पडावी तसा.

"एंटर, दिपेशदादा."

प्रिंटर करकरला.

"चालू," दिपेश आतून ओरडला. "ताई, चालू झाला."

जागृती धावतच केबिनमध्ये आली. हिरवा पडदा शांतपणे पहिल्या गाडीचा नंबर विचारत उभा होता. बंद होत नव्हता. तिने तीनदा बंद करून उघडून पाहिला, तीनदा उघडला. इतका आनंद तिला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. दिपेशने पावती तिच्या हातात ठेवली.

वाहन, पायी. पहिले वजन, पन्नास. दुसरे वजन, एकशे दहा. निव्वळ, साठ.

"एकशे दहा कसं?" दिपेशने विचारलं. "टपावर तर साठच होतं."

"शून्य करताना जे पन्नास लपवलं होतं, ते त्याने परत मिळवलं असेल. जुना प्रोग्राम आहे," ती म्हणाली, आणि पावती घडी करून खिशात टाकली. पहिला ट्रेलर आधीच काट्यावर चढत होता.

तासाभरात सतराही गाड्या निघून गेल्या. वजनं चोख. बंदरातून एकही पावती परत आली नाही. पनवेलचा माणूस आला, पडदा बघून, चहा पिऊन गेला. रचना मॅडमनी सगळ्यांसमोर जागृतीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अकराही तुझे. सोमवारपासून ये." जागृतीने तिथूनच वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "दुकानाची पाटी जरा मोठी करून घे." तिचे डोळे भरून आले.

निघताना तिने दयारामकाकांना शोधलं. ते बाकावरच होते.

"काका, रागावलात?"

"रागावून काय व्हनार हाय," ते म्हणाले. ते बोलत तिच्याशी होते, पण बघत होते तिच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर. "सांजचा अंधार व्हायच्या आत घरी जा." मग ते उठले आणि घराकडे निघाले. कठड्यावरून नाही. प्लॅटफॉर्मच्या मधोमध, सरळ, हात सोडून, भराभर चालत गेले. पलीकडे पोचल्यावर मात्र थांबले आणि वळून तिच्या स्कूटरकडे बघत राहिले.

जागृतीने स्कूटर सुरू केली. काट्यावर चढताना टपाकडे नजर गेली. एकशे सत्तर. सकाळी होतं तेवढंच, किलोचाही फरक नाही. तिला उगीचच हसू आलं. दिपेशने खिडकीतून हात हलवला.

पुढचं चाक रस्त्यावर उतरलं. मागचं उतरलं.

कोपऱ्यावर वळण्याआधी तिने आरशात पाहिलं. केबिनच्या टपावर लाल आकडे उलटे दिसत होते, म्हणून ती थांबली आणि मान वळवून पाहिलं.

रिकामा काटा. वजा पन्नास.

आतून दिपेशने सवयीने बटण दाबलं असावं. आकडा लुकलुकला आणि शून्य झाला.

जागृतीने मान पुढे केली. आरशात पुन्हा पाहिलं नाही. दोन्ही हात मुठीवर ठेवले, आणि मागे कोणी बसायला लागलं की सरकतो तशी ती सीटवर थोडी पुढे सरकली.