डिसेंबरातली कोकरं

ईडिथबाई गेल्याचं कळलं तेव्हा गिरिजा जयपूरच्या मानसरोवर भागातल्या ऑफिसात डबा उघडत होती.

इंग्लंडच्या डोंगरातली एक वाडी. चार घरं, चार घरांत चार एकटी म्हातारी माणसं. त्यांना रोज फोन करून "बरं आहे ना?" विचारायचं कंत्राट जयपूरकडे होतं. तिथल्या लोकांना वेळ नव्हता.

पोस्टमनने दार ढकललं तेव्हा बाई जमिनीवर पडलेल्या, फोनपासून हातभर लांब. जाऊन तीनेक आठवडे झाले असावेत, डॉक्टर म्हणाले. पडल्यावर एक-दोन दिवस धुगधुगी असावी. आणि इथल्या रेकॉर्डिंगमध्ये बाई कालपर्यंत सांगत होत्या, मी अगदी छान.

"तब्येत चांगलीच सुधारली म्हणायची," मॅनेजर मुरलीधर सर म्हणाले. दुःखाला त्यांची ना नव्हती, फक्त ते ऑफिसच्या वेळेत नको.

गिरिजाकडे क्वालिटी होती, म्हणजे लोकांची बोलणी चोरून ऐकायचं अधिकृत काम. तिने गंधारला बोलावलं. वाडीचे फोन हा नाशिकचा मुलगा करायचा.

"कालचा ईडिथबाईंचा फोन तू केलास?"

"नाही मॅडम. मी येतो तेव्हा त्यांचं नाव आधीच हिरवं झालेलं असतं. मतलब, फोन झाला."

"कधीपासून?"

"झाले की तीनेक आठवडे."

"विचारलं नाहीस?"

"एक काम कमी झालं म्हणून कोण विचारतं?"

तिने रेकॉर्डिंगं लावली. रोजची वाक्यं वेगळी. कधी गुडघा, कधी चहा. मागे मात्र प्रत्येक वेळी कोकरं ओरडत होती.

तिने ईडिथबाईंच्या शेजारच्या ऑर्थरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. वेळेआधी फोनपाशी खुर्ची ओढून बसायची त्याची सवय होती.

"तुमच्याकडे कोकरं फार ओरडतात का हो?"

"आत्ता? पोरी, बर्फ पडलंय. कोकरं एप्रिलात. ईडिथला आवडायची. दुसरं होतं कोण तिला?"

संध्याकाळी तिने गंधारला आणि सरांना केबिनमध्ये बसवलं.

"बाई फोन उचलेनात, तेव्हा कुणीतरी एप्रिलची रेकॉर्डिंगं काढून रोज एक चिकटवली. इथल्या माणसाला वाटतं, कोकरं काय, बारा महिने ओरडतात. जुनी रेकॉर्डिंगं उघडतात फक्त मला आणि तुम्हाला. मी येते गंधारच्याही नंतर. ऑफिसचं कुलूप रोज तुम्ही काढता, सर."

सरांनी चष्मा पुसला. "माणसं चारच्या खाली गेली की कंत्राट बंद. मला वाटलं, थंडीची मुलीकडे गेली असेल. येईल परत."

"त्यांना कुणीच नव्हतं."

"म्हातारं माणूस कुणाकडे तरी जातंच ना," सर म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

"पहिल्या दिवशी कळवलं असतंत तर त्या वाचल्या असत्या कदाचित."

"आणि आता तू कळवलंस तर उरलेल्या तिघांना कोण विचारणार?"

 गिरिजाने इंग्लंडला रिपोर्ट पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्लंडहून शालीन उत्तर आलं. सरांना काढावं. बाईंच्या निधनाचा खेद आहे. सेवा आजपासून बंद.

"ऑर्थरबाबांना सांगायला हवं," गंधार म्हणाला.

तिने स्क्रीन उघडली. इथे नंबर कधी दिसायचेच नाहीत, फक्त नावं. आता नावंही नव्हती.

तिकडे ऑर्थरची वेळ झाली होती. त्याने खुर्ची ओढली असेल.