खिडकीचा दावा आणि एक रफ वही

नागसेन आणि मी तीन वर्षं एकाच वर्गात होतो, त्यामुळं आमची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं.

आमच्या लॉ कॉलेजात यादीवर साठ नावं होती, बाक तीस होते आणि माणसं सात. मी त्या सातांत नव्हते. केदारखेड्याहून निघालेली एसटी मला जालन्यात पहिला तास संपल्यावर सोडायची आणि परतीची गाडी दुसरा तास सुरू व्हायच्या आधी लागायची. सात जण कोण होते, हे आजही नक्की कुणाला माहीत नाही.

तर पहिली भेट झाली कोर्टाच्या व्हरांड्यात. ऑगस्ट महिना, बाहेर बारीक पाऊस, ओल्या छत्र्यांचा आणि जुन्या कागदांचा एकत्र वास. मी लाकडी बाकावर टोकाला बसले होते. एक उंच, सावळा मुलगा आला, हातात शेंगदाण्याची पुडी.

“थोडं सरकता का?” तो म्हणाला. “काय प्रकरण आहे तुमचं? पोटगी?”

“मी पक्षकार न्हाई,” मी म्हणाले. “लॉची स्टुडंट आहे. तीन वर्षं झाली, एक प्रॅक्टिकल राह्यलंय.”

“कुठल्या कॉलेजला?”

मी सांगितलं. त्यानं एक शेंगदाणा तोंडात टाकला… विचार केला…

“मी पण तिथंच,” तो म्हणाला. “माझं पण तेच राह्यलंय.”

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. दूरचा नातेवाईक परगावी भेटल्यावर पाहतात, तसं.

“कसे आहेत सर आपले?” त्यानं विचारलं.

“कोणते?”

“कोणतेबी.”

“चांगले आहेत असं ऐकलंय.”

तो हसला नाही. फक्त पुडी माझ्याकडं सरकवली. मला वाटतं, तिथंच काहीतरी बिघडलं.

नागसेन जाफराबादचा. कोर्टाच्या गेटजवळ एका टायपिस्टकडं तीन वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. मार्चमधल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी तो “मी परीक्षेस बसण्यास पात्र आहे” असं दुसऱ्याच कुणाचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होता आणि त्याची स्वतःची परीक्षा निघून गेली.

माझं प्रॅक्टिकल राहिलं त्याची गोष्ट जरा वेगळी आहे. प्रॅक्टिकलसाठी एक जर्नल लिहायचं असतं. कोर्टात जाऊन एक खटला बघायचा, तारखेप्रमाणं रोजचं कामकाज नोंदवायचं. आमच्या कॉलेजात कोर्टात कुणी जात नसे. सूरजदादा म्हणून एक सीनियर होता, त्यानं कधीकाळी शेळी चोरीचा एक खटला लिहिलेला होता. तोच खटला दरवर्षी सगळी बॅच उतरवायची. शेळीचा रंगसुद्धा कुणी बदलला नाही. मीही उतरवला. माझी खासियत अशी, की मी डोळे उघडे ठेवून, हात चालू ठेवून, मनानं केदारखेड्याच्या स्टँडवर असू शकते. तीन वर्षं ट्यूटोरियल उतरवून आलेलं हे कौशल्य. मी एकही ओळ न वाचता चाळीस पानं उतरवली आणि शेवटी सूरजदादाचं नाव, रोल नंबर आणि त्याची सही पण उतरवली.

आता ही दुसरी आणि माझ्या हिशोबानं शेवटची संधी होती. भोकरदनच्या एक वकील मॅडम मला ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार होत्या, पण जानेवारीपर्यंतच थांबणार होत्या. त्यानंतर जागा दुसरीला. आणि पप्पांनी, म्हणजे सर्जेराव गुरुजींनी, शाळेत स्टाफरूमला पेढे वाटून ठेवले होते. निकालाच्या आधी. “आपली पोरगी पास होनारच हाय, उगं दोनदा सुट्टी कशाला काढायची,” असं त्यांचं म्हणणं.

“पास झालात तरी काय होतं?” नागसेननं एकदा विचारलं. “तुमच्या त्या सूरजदादाचं काय झालं?”

“डीजे भाड्यानं देतो. पोलिस आवाज कमी करा म्हणाले की कलमं सांगतो.”

“मंग?”

“मंग पोलिस डीजे घेऊन जातात.”

“आमच्या शेजारची शालूताई बँकेत लॉ ऑफिसर झाली,” तो म्हणाला. “ती म्हणते, कॉलेजात एकच गोष्ट शिकले, डोळे उघडे ठेवून झोपायचं. मीटिंगमध्ये लई कामाला येतं म्हणे.”

आम्ही निवडलेला खटला खिडकीचा होता. जालन्याजवळच्या एका गावात पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्यांच्या घराची खिडकी शेजारच्या झुंबरबाईंच्या अंगणात उघडायची. झुंबरबाईंचं म्हणणं, ती बुजवा. दाव्याला अकरा वर्षं झाली होती. खिडकी तीन वर्षांपूर्वी वाळवीनं खाल्ली. दावा शाबूत होता. दोघं तारखेला एकाच जीपमधून येत, एकाच गाड्यावर चहा पीत आणि आत गेले की एकमेकांना ओळखत नसत. पुढली तारीख जवळची पडली तर दोघंही नाराज व्हायचे.

आम्हीही व्हायला लागलो होतो… पण उलट्या कारणानं. पुढली तारीख लांबची पडली की नागसेन शेंगदाण्याची पुडी उगाच घडी घालत बसायचा.

“अठरा दिवस,” तो म्हणायचा. “एवढी लांब द्यायची काय गरज होती साहेबांना?”

“तुम्हाला काय घाई आहे?”

“मला न्हाई. झुंबरबाईंसाठी म्हनून राह्यलो.”

सप्टेंबरात कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी केलं, नोंद नाही. तो बोलताना खाली बघायचा आणि मी बोलत असले की कोर्टाकडं. एकदा साक्षीदारानं “खिडकीतून मला काहीच दिसत न्हाई, पण मी रोज बघतो” असं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं हसू दाबताना खांद्यानं खांद्याला लागलो. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. बाहेर पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या आणि… आम्ही दोघं त्या मोजत उभे राहिलो. वीस मिनिटं.

मग ऑक्टोबरात घरची सोयाबीन काढायला आली आणि माझ्या दोन तारखा चुकल्या. कमीत कमी आठ दिवसांचं कामकाज लागत होतं, माझे पुढच्या तारखा धरूनही सहाच भरत होते. नोव्हेंबरात कोर्टात गेले तेव्हा नागसेन बाकावर आधीच बसलेला.

“दोन दिवसांचं तुझं दे की,” मी म्हणाले. “उतरवून घेते.”

त्यानं बॅगेतून पक्कं जर्नल काढलं. परत आत ठेवलं. मग एक रफ वही काढली. ती हातात धरून तो बराच वेळ बसला.

“नीट वाच,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हणजे… बिलकुल सगळं वाच.”

“अरे हो. जल्दी दे, गाडी चुकंल माझी.”

त्या रात्री टीव्हीवर आईची मालिका चालू होती. मी ती बघत बघत दोन दिवस उतरवले. सुंदर अक्षर आलं. पुढच्या तारखेला वही परत दिली.

नागसेनचा चेहरा असा होता, जसा निकाल ऐकायला उभ्या माणसाचा असतो.

“वाचलंस?”

“सगळं उतरवलं. शब्दाला शब्द.”

“शब्दाला… शब्द?”

“हो. फार उपयोग झाला, थँक्यू.”

तो म्हणाला, “वेलकम.” मग उठला आणि शेजारच्या कोर्टात जाऊन बसला. तिथं कसला तरी मोटार अपघाताचा खटला चालू होता. तो शेवटपर्यंत तिथंच बसून राहिला. मला वाटलं, चिडला. पुढं तो दोन तारखांना आला, पण पुडी आणली नाही. विचारलं तर म्हणाला, “शेंगदाने खाऊन पित्त होतंय.” मी आईला विचारलं, शेंगदाण्यानं पित्त होतं का. आई म्हणाली, “मानसाला काहीबी होतं.” केदारखेड्यापर्यंत एसटीत रोज एकच विचार – मी असं काय बोलले?

तोंडी परीक्षा डिसेंबरात, नव्या बॅचची आणि आम्हा राहिलेल्यांची एकत्र. बाहेरून आलेले परीक्षक, निवृत्त न्यायाधीश, बद्रीनाथ सर. टेबलावर खाकी कव्हरांच्या जर्नलांचा ढीग. दारात रामकिसनमामा, कॉलेजचे शिपाई, नाव तीनदा पुकारायला. पूर्वी कोर्टात होते, सवय गेली नव्हती. माझ्यानंतर नागसेनचा नंबर होता. तो व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा होता.

सरांनी माझं जर्नल उघडलं. पानं उलटली. थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“नऊ ऑक्टोबर,” ते वाचू लागले. “साक्षीदार क्रमांक दोन, उलटतपासणी. साक्षीदाराने काय सांगितले ते कळले नाही, कारण लक्ष दाराकडे होते. आज ती आली नाही.”

मी मान वाकडी करून माझंच अक्षर बघितलं.

“बाकाची डावी बाजू रिकामी आहे. शेंगदाणे पूर्ण उरले. एकट्याने खावेसे वाटले नाहीत.” त्यांनी पान उलटलं. “तेवीस ऑक्टोबर. आजही नाही. हसायच्या आधी तिची उजवी भुवई वर जाते, मग हसू येते. साक्षीदारांच्या हावभावांची नोंद करावी असे पुस्तकात लिहिले आहे. या न्यायालयात दुसरे काही नोंदवण्यासारखे दिसले नाही. रोज बोलायचे ठरते. कोर्ट उठते आणि राहून जाते.”

सरांनी जर्नल खाली ठेवलं.

“अक्षर तुमचंय?”

“हो सर.”

“ही ‘ती’ कोण?”

माझी उजवी भुवई वर गेली. मला कळलं की ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा कळलं. सरांनीही पाहिलं.

आता एक नाव घेतलं असतं तर उतरवायला देणाराही अडकला असता, आणि त्याची तोंडी अजून व्हायची होती. मी खोटं बोलायला तोंड उघडलं. पण ज्या दिवशी मी नव्हते त्या दिवशी मी नव्हते, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. यापेक्षा पक्का पुरावा मी तीन वर्षांत वाचला नव्हता. म्हणजे मी काही वाचलंच नव्हतं, पण तरी.

“सर, या दोन दिवशी मी गैरहजर होते,” मी म्हणाले. “घरी सोयाबीन काढत होते. हे दुसऱ्याचं उतरवलंय. न वाचता. कुणाचं, ते सांगणार न्हाई.”

भोकरदनच्या मॅडम डोळ्यांसमोरून गेल्या. पप्पांचे पेढे गेले.

“आणि बाकीचे सहा दिवस?”

“ते माझे आहेत.”

“बघू. खिडकी कुठल्या दिशेला?”

“उत्तरेला होती सर. आता वाळवीनं खाल्ली.”

“पुंजारामचा फेटा?”

“फेटा न्हाई, टोपी. साक्ष द्यायच्या आधी काढून खिशात ठेवतात आणि मंग सगळ्या कोर्टाला शोधायला लावतात.”

“झुंबरबाई न्यायाधीशांना काय म्हणते?”

“भाऊ म्हणतात. साहेबांनी एकदा हटकलं, तवापासून मोठे भाऊ म्हणतात.”

मग सरांनी तो जर्नलांचा ढीग हातानं माझ्याकडं सरकवला.

“सकाळपासून एक्कावन्न जर्नलं वाचली. एक्कावन्न शेळ्या. सगळ्या तांबड्या,” ते म्हणाले. “कुणीतरी खरंच कोर्टात जाऊन बसलं होतं, हे आज पहिल्यांदा दिसलं. दोन दिवसांचे गुण कापतो. बाकीच्यात तुम्ही पास.”

मी जायला उठले.

“आणि ज्यानं हे लिहिलंय,” सर जर्नल मिटत म्हणाले, “त्याला सांगा. वस्तुस्थिती चांगली मांडलीय. पण मागणी कुठंच लिहिलेली नाही. मागणी नसेल तर कोर्ट देणार काय?”

बाहेर नागसेन अजून भिंतीकडंच तोंड करून होता.

“रफ वही वाचली,” मी म्हणाले.

तो वळला. “कधी?”

“आत्ता. वाचली म्हणजे… वाचून दाखवली मला.”

“कुणी?”

“निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी.”

त्याचा रंग भिंतीसारखा झाला. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता.

“म्हणजे तू त्या दिवशी वाचलंच नव्हतं?” त्यानं हळूच विचारलं. “शब्दाला शब्द म्हनली व्हतीस…”

“उतरवलं म्हणाले होते.”

“आणि मी महिनाभर पित्ताच्या गोळ्या खाऊन राह्यलो.”

“नागसेन हाजिर हो,” रामकिसनमामांनी पुकारलं. पहिल्यांदा.

“सर म्हणाले, दोष आहे तुझ्या लिखाणात,” मी म्हणाले. “मागणी न्हाई.”

“नागसेन हाजिर हो.” दुसऱ्यांदा.

त्यानं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. घसा खाकरला. त्याच्या आयुष्यात त्यानं हजारेक अर्ज टाइप केले असतील, शेवटच्या ठरावीक ओळीसकट. हा तोंडी होता.

“मागणी अशी की…” तो थांबला. “प्रीती, लग्न करशील का माझ्याशी? वकिलीची सनद आल्यावर. घाई न्हाई. आणि तुला योग्य वाटंल तो इतर हुकूम.”

व्हरांड्यात थंड वारा होता. खाली स्टँडकडं जाणारी एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मला खूप काही सुंदर बोलायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं…

“पोरी,” रामकिसनमामा म्हणाले, “हो का न्हाई ते सांगून टाक, आत सर खोळंबलेत.”

“हो,” मी म्हणाले.

“नागसेन हाजिर हो,” मामांनी तिसऱ्यांदा पुकारलं आणि त्याला दंडाला धरून आत नेलं.

मी पायरीवर बसले. इतक्या वर्षांत त्या कॉलेजात मी पहिल्यांदाच निवांत बसले होते. साडेचारची माझी भोकरदन गाडी गेली असणार. जाऊ दे म्हटलं.

अकरा मिनिटांनी नागसेन बाहेर आला आणि माझ्या शेजारी, एक वीत अंतर ठेवून बसला. मग ते अंतरही सोडून दिलं.

“काय म्हणाले?”

“खूप बोलले.”

“पास का?”

तो विचारात पडला.

“ते विचारायचंच राह्यलं,” तो म्हणाला.

म्हणून आम्ही दोघं उठून परत आत गेलो, विचारायला. सरांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “पास,” ते म्हणाले आणि मामांना तीन चहा सांगितले.

मामांनी स्वतःच्या मनानं चार आणले.