पायाखालचं भांडं

कर्नल टॅल्बर्टच्या आवाजाचा कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर बोलबाला होता, आणि त्याचं कौतुक सगळ्यात जास्त खुद्द कर्नललाच. भाताची खाचरं झाली, दोनशे गुलाम झाले. आता राहिली होती ती सिनेटची खुर्ची. नदीकाठी डुकरं भाजत होती, व्हिस्कीची पिंपं उघडली होती, मतदार भाषणाची वाट बघत होते.

पण कर्नलचं डोकं सकाळपासून फिरलेलं. झोपड्यांत गुलाम चोरून प्रार्थना करतात, अशी कुणकुण होती. मुकादमानं भिंतीला कान लावला, तर आत चिडीचूप. दार ढकललं, तर घरभर माणसं गळा फाडून गात होती! उंबऱ्यात लोखंडी भांडं पालथं घातलेलं. आवाज म्हणे त्यात जातो. गाणी सांगणारा सायरस हाती लागला आणि त्याला विकायचं ठरलं. व्यापारी होडी घेऊन आलाच होता.

स्वयंपाकीण बाइना ही सायरसची बायको. तिनं पाय धरले.

"मालक, त्याला ठेवा हो."

"भाषण संपलं की तो होडीत. आणि तुमचं ते भांडं आण. मंचावर पालथं घाल." कर्नल अंमळ बुटकाच होता.

"त्याच्यावर उभं राहू नये, मालक."

"का? तुमच्या देवाला माझे बूट लागतील?"

कर्नल भांड्यावर चढला. बोलू लागला.

लोक नुसते बघत राहिले.

"अहो, जरा मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्यानं आवाज चढवला. मानेच्या शिरा फुगल्या.

"कर्नल, व्हिस्की आम्ही प्यालो आणि जीभ तुमची गेली काय?"

हशा पिकला. त्याला तर स्वतःचा शब्द न् शब्द ऐकू येत होता! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली उडी मारून त्यानं भांडं लाथेनं उलथलं. आत काही नव्हतं. तरी कुणाला ऐकू येईना. मतदार घोडे जुंपून निघाले.

"ओहोटी लागतेय, कर्नल," व्यापारी म्हणाला. "माणूस द्यायचा की नाही?"

"ने! आत्ताच्या आत्ता ने!"

व्यापारी त्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत मागे सरला. पांढराफटक पडला.

"नको बाबा. इथलं काहीच नको मला."

आणि होडीकडे पळत सुटला.

कर्नल स्वयंपाकघरात धावला. बाइना मक्याची भाकरी थापत होती.

"होडी थांबव! मुकादमाला बोलव!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

दारातला मुकादम पाठ फिरवून पाइप ओढत होता.

बाइनानं मान वर केली नाही.

"ऐकू येतंय, मालक," ती हळूच म्हणाली. "मला सगळं ऐकू येतंय."

आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.