तिसऱ्या साक्षीदाराची सही

लग्न नोंदणी कचेरीतल्या हेडक्लार्क बाईंना सगळे पाठीमागे ‘नियमबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं; खरं सांगायचं तर आवडतही होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या बड्या साहेबानं हौसेनं बांधलेलं कचेरीचं ते घर. आता दिवाणखान्यात प्लायवुडच्या भिंती, विझलेल्या शेकोटीच्या कोनाड्यात कोंबलेल्या फायली, आणि जिथं मेजवान्या झडल्या तिथं बाईंचं टेबल. वरच्या मजल्याच्या फळ्या कुजलेल्या, म्हणून जिन्याच्या तोंडाशी मोडक्या खुर्च्या रचलेल्या.

त्या दिवशी पाचला दहा कमी होते. नवरा मुलगा जहाजावर आचारी. आज निघाला की वर्षभरानं परतणार. नवरी नर्स, ड्यूटीवरून धापा टाकत आलेली. नोटिशीची मुदत आजच संपत होती आणि साक्षीदार दोनच, नवरीचे मामा आणि नवऱ्याची बहीण. तिसरा बंद पडलेल्या बसमध्ये अडकलेला.

“शिपायाची सही घ्या की, बाई!” मामा काकुळतीला आले.

“कचेरीचा माणूस चालत नाही. नियम आहे.”

नवरीचे डोळे भरले. बाईंच्यानंही रजिस्टर मिटवेना.

जिन्याकडे कुणीतरी हळूच खोकलं. खुर्च्या जागच्या हलल्या नव्हत्या, पण त्यांच्या अलीकडे एक म्हातारी उभी होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब झगा, डांबराच्या गोळ्यांचा वास.

“मी करते सही...” ती पुटपुटली. “फार दिवस झाले... लग्न पाहून.”

मामांना वाटलं नवऱ्याकडची, बहिणीला वाटलं नवरीकडची. आणि सख्ख्या भावाकडेही ओळखपत्र मागणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहत मुकाट्यानं पेन पुढे केलं!

सही झाली, शिक्का बसला. मग काय विचारता! शिपायानं शिट्टी मारली, आचाऱ्यानं नवरीला उचलून गरकन फिरवलं, मामा हसता हसता रडू लागले. म्हातारीनं नवरीच्या गालावरून हात फिरवला.

“अगं बाई, किती गार हात!” नवरी खिदळली.

सगळे पांगल्यावर बाईंनी विचारलं, “आजी गेल्या कुठं?”

“दारात तर मीच होतो, बाई. कुणी म्हातारी गेली नाही,” शिपाई म्हणाला.

बाई जिन्यापाशी गेल्या. खुर्च्यांवरची धूळ तशीच होती. परत येऊन त्यांनी रजिस्टर पाहिलं. ‘साक्षीदाराची ओळख कशी पटली’ हा रकाना कोरा होता. तो कोरा राहिला तर पोरांचं लग्न रद्द! बाईंनी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं: ‘साक्षीदार माझ्या व्यक्तिगत ओळखीची.’

“मोडला एकदाचा नियम!” त्या स्वतःशीच हसल्या. कसं अगदी हलकं वाटलं त्यांना.

उद्याची तारीख घालायला त्यांनी पान उलटलं. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी तीच सही होती. पुढच्या पानावरही होती... त्याच्या पुढच्याही... थेट शेवटपर्यंत. आणि प्रत्येक सहीशेजारी, बाईंच्याच वळणदार अक्षरात: ‘साक्षीदार माझ्या व्यक्तिगत ओळखीची.’

शेवटच्या पानावरची शाई त्यांच्या बोटाला लागली.