सोपी वाट

"उद्या सिंहगडावर कोणत्या वाटेने चढायचं, हे तुमच्यापैकी कोणी ठरवलं?"

धायरीतल्या एका सोसायटीची गच्ची. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सॅक भरून बसलेली चार मुलं एकमेकांकडे पाहू लागली. प्रश्न त्याच सोसायटीतल्या रावसाहेबांचा होता.

"मी, काका," योगेश म्हणाला. "का? चुकलं का काही?"

"वाट कोणाच्या सोयीने निवडली, ते कळायला हवं. बसा. माझ्या ओळखीच्या माणसाची हकीकत आहे. त्याने स्वतः मला सांगितलेली."

आणि रावसाहेब सांगू लागले.

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची अठ्ठावीस तारीख, शनिवार, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. दत्तप्रसाद संध्याकाळी मंडईत गेला आणि एक नारळ घेऊन आला. भरघोस शेंडीचा, आत पाणी वाजणारा.

"अहो, दोन आणायचे ना," त्याची पत्नी विजयमाला म्हणाली. "शंभूभावोजींचा कुठे आहे?"

"नवस एक, नारळ एक."

नवस असा होता. सलग शंभर रविवार सिंहगड चढायचा आणि शंभराव्या रविवारी, सूर्योदयापूर्वी, गडावरच्या कोंढाणेश्वरासमोर नारळ फोडायचा. दत्तप्रसाद आणि त्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र शंभू यांनी तो जोडीने बोलला होता. दर रविवारी गड चढणाऱ्या त्यांच्या मंडळाचा एक नियम होता. एका वाटेने निघालेल्या जोडीदाराला मागे टाकून जो पुढे गेला, त्याची चढाई धरली जात नसे. नव्याण्णव रविवार दोघे एकमेकांसाठी थांबत आले होते.

रविवारी पहाटे सव्वापाचला ते पायथ्याच्या आतकरवाडीतून निघाले. शंभूचा गुडघा महिनाभर सुजलेला होता.

"गुडघा काय म्हणतो?" दत्तप्रसादने विचारलं.

"म्हणतो, घरी बस. मी म्हटलं, नवस मी बोललोय, तू नाहीस."

दर पन्नास पावलांवर शंभू थांबे. दत्तप्रसाद थांबे. घड्याळ थांबत नसे. सहा वाजून दहा मिनिटांनी ते एका फाट्यावर आले. तिथून डावीकडे अरुंद पायवाट फुटत होती. हा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. एक थर उभा कडा, त्यावरचा थर सपाटी. ती पायवाट सपाटीवरून जाई, म्हणून सोपी वाटे. पावसाळ्यात तिचा पुढचा भाग दरडीबरोबर खाली गेला होता. तिथे आता फक्त कडा होता. दत्तप्रसाद आठवड्यापूर्वी तिथपर्यंत जाऊन, पाहून, परत फिरला होता.

"शंभू, तू डावीकडून ये. चढ नाही. देवळाच्या मागे निघते."

"तू पाहिलीस?"

"मागच्याच रविवारी उतरताना गेलो होतो."

हे खरं होतं. एवढंच खरं होतं.

"मग दोघेही तिकडूनच जाऊ की."

"लांब पडते. मी नेहमीच्या वाटेने जाऊन सूर्याच्या आधी पोहोचतो. वाटा दोन असल्या की नियम मोडत नाही."

शंभू हसला. "देवाशीसुद्धा कलमं लावून बोलतोस बाबा तू." टॉर्च पुढे धरून तो डावीकडे वळला. त्याने शंका घेतली नाही. वीस वर्षांत त्याच्यावर तशी वेळ आली नव्हती.

सृष्टीने मध्येच विचारलं, "काका, म्हणजे त्याला शंभूला मारायचं होतं?"

"नाही. त्याला वाटलं, वाट तुटलेली दिसेल, शंभू मागे फिरेल, फार तर दोन दिवस बोलणार नाही. खोटं बोलणारा माणूस पुढचं इतपतच पाहतो. ऐक."

दत्तप्रसाद झपझप चढू लागला. थोड्या वेळाने खालून, डावीकडून हाक आली.

"दत्ता... टॉर्च गेला रे. असाच पुढे येऊ ना?"

अजूनही सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"ये," दत्तप्रसाद ओरडला.

त्यानंतर हाक आली नाही.

सहा पन्नासला तो देवळापाशी पोहोचला. पायरीवर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. शंभू.

"तू... आधी?"

"वाट सोपी होती."

आवाज शंभूचाच. श्वास लागलेला नाही. दत्तप्रसादने नारळ पुढे केला. "घे, तूच फोड." शंभूचा हात हलला नाही. मग दत्तप्रसादनेच आपटला. एकदा. दोनदा. सातव्यांदा फुटला. आत थेंबभर पाणी नव्हतं.

"चल," शंभू म्हणाला. "उतरताना वाट मी निवडतो."

दत्तप्रसाद मागे चालू लागला. उजाडायला हवं होतं. उजाडलं नाही. पुढे शंभूची पाठ. तेवढीच दिसे.

"शंभू, किती राहिलं?"

...

"शंभू, वाट तुटली आहे, हे मला माहीत होतं."

पाठ थांबली नाही.

"माहीत असून पाठवलं मी तुला. वळ ना... एकदा बघ ना माझ्याकडे."

...

खांद्यावर हात पडला, तेव्हा टळटळीत ऊन होतं. दुपारचे दोन वाजले होते. गडावर दही विकणारी द्वारकाबाई त्याला धरून उभी होती.

"अवं, सकाळधरनं या करवंदीच्या जाळीला फेऱ्या घालताय. हाका मारून घसा सुकला माजा. कुणाच्या मागं चाललाय?"

शंभू कड्याखाली साडेसातलाच सापडला होता. डॉक्टरांच्या मते तो साडेसहाच्या सुमारास गेला. जाळीभोवतीच्या मातीत दत्तप्रसादच्या बुटांनी गोल वाट पाडली होती. द्वारकाबाईने ती चार माणसांना बोलावून दाखवली. त्याच्या प्रत्येक ठशाच्या पुढे, एका ढांगेवर, दुसऱ्या कोणाचा तरी ठसा होता. सकाळपासून तिथे दत्तप्रसादखेरीज कोणीही दिसलं नव्हतं.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. दत्तप्रसादला कोणी शिक्षा दिली नाही. पण त्या दिवसापासून रस्ता जिथे दोन होतो, तिथे त्याचे पाय थांबतात. धायरीच्या फाट्यावरून त्याला स्वतःचं घर दिसतं. गॅलरीत वाळत घातलेले कपडेही ओळखू येतात. तरी डावीकडे की उजवीकडे, हे त्याला ठरवता येत नाही. कोणी हात धरून नेईपर्यंत तो उभा राहतो. पहिले काही महिने विजयमाला रोज न्यायला येत असे. मग एका संध्याकाळी त्याने तिला सगळं खरं सांगितलं.

आता ती येत नाही.